१९६७ ची एमजीबी: दाराचा पत्रा उघडा केला आणि आता हात थांबलाय

अर्धवट एमजी

मंडळी, गाडी १९६७ ची एमजीबी, ब्रिटिश स्पोर्ट्स कार, उघडी टू-सीटर. इंजिन स्टँडवर आहे, आतला सगळा पसारा खोक्यांत भरलाय आणि दोन महिन्यांपासून मी बॉडीच्या मागे लागलोय. सध्याचा रंग लाल. ब्रशने मारला की काय अशी शंका यावी इतपत जाड. डॅशबोर्ड काढला तेव्हा मागच्या पत्र्यावर फिकट पिवळा सापडला, म्हणजे ॲबिंग्डनच्या कारखान्यातून निघाली तेव्हा ती पेल प्रिमरोज असणार. मला तोच रंग परत द्यायचाय.

आता घोळ सांगतो. डाव्या दारापासून सुरुवात केली. ग्राइंडरला स्ट्रिपिंग डिस्क लावून रंग उतरवला, खाली चकचकीत पत्रा निघाला, मी खूश. त्याच खुशीत दार दोन्ही हातांनी उचलून भिंतीला टेकवलं आणि मग कामाच्या गडबडीत बारा दिवस तिकडे फिरकलोच नाही. हवा दमट होती. परत जाऊन बघतो तर दारभर तांबूस गंजाची साय आणि मधोमध माझा उजवा पंजा, पाचही बोटांसकट. अंगठ्याच्या रेषा मोजता येतील इतका ठळक. चोराने ठसे सोडावेत तसा.

दुसरं, चुंबक घेऊन लांबी (पत्र्यातले खड्डे बुजवायची पुटी) कुठे भरलीय ते शोधत होतो. मागच्या मडगार्डच्या खालच्या कोपऱ्यात चिकटत नाही, ते अपेक्षितच होतं. पण बॉनेटवर कुठेच चिकटत नाही! अख्खं बॉनेट लांबीचं कसं असेल?

तिसरं, त्याच दारावर छोट्या त्रिकोणी काचेच्या बुडापासून खाली बोटभर चीर गेलीय. लांबीने बुजेल का?

बाकी नेहमीचेच प्रश्न. सगळी बॉडी पत्र्यापर्यंत उघडी करायची का? सँडब्लास्टिंगला देऊ का? लांबी आधी की प्रायमर आधी? दोन जणांना विचारलं, तीन मतं मिळाली. रंग शेवटी मीच मारणार, एवढा हट्ट मात्र आहे.

ठाकठोक

पंजाचा फोटो काढून ठेवला असेल तर टाका हो इथे. माझ्या पहिल्या गाडीच्या डिकीवर कोपर उमटलं होतं.

आधी बॉनेट. त्यात लांबी नाही, लोखंडच नाही. तुमच्या वर्षाच्या एमजीबीचं बॉनेट ॲल्युमिनियमचं असतं, स्टीलचं नंतर आलं. आतल्या बाजूने कडेला नखभर रंग खरवडा, पांढुरकी चमक दिसेल. जपा त्याला. ग्राइंडर लावू नका, मऊ असतं, डिस्क एका जागी क्षणभर जास्त टेकली की खळगा. स्टीलवर वापरलेला पॉलिश पेपर त्यावर फिरवू नका, लोखंडाचे कण रुततात आणि पुढे रंगाखाली फोड उठवतात. आणि घासल्यावर लगेच इपॉक्सी प्रायमर मारा. ॲल्युमिनियम गंजताना दिसत नाही म्हणून माणूस निवांत राहतो, पण त्यावर ऑक्साइडचा थर चढायला वेळ लागत नाही.

चीर लांबीने बुजणार नाही. एमजीबीच्या दारांचं ते जुनं दुखणं आहे, दार आपटलं की काचेच्या चौकटीचा सगळा जोर तिथेच येतो. चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडा म्हणजे ती पुढे सरकत नाही, मग वेल्ड करा, थोडं थोडं, मध्ये गार होऊ देत. नुसती लांबी भरली तर रंग झाल्यावर दोन-तीन महिन्यांत केसाएवढी रेघ परत हजर.

पत्र्यापर्यंत जायचं का? तुमच्या बाबतीत हो. खालचा रंग घट्ट आणि ओळखीचा असता तर तो उत्तम पाया असतो, मी कुणालाही उगाच उघडं करायला सांगत नाही. पण ब्रशचा लाल आणि त्याखाली काय काय ते देव जाणे. थिनरचा बोळा अर्धा मिनिट दाबून धरा. रंग मऊ पडून बोळ्याला आला तर त्यावर नवा टू-के (हार्डनर मिसळून मारायचा) रंग मारणं म्हणजे शेवाळावर भिंत बांधणं.

सँडब्लास्टिंगबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तिथे मी पोळलोय. एका ठिकाणी आख्खी बॉडी दिली, नाव घेत नाही. परत आली तेव्हा आतले सांधे, चाकांच्या कमानी अगदी लख्ख, आणि डिकीचं झाकण पापडासारखं. बोटाने दाबलं की टुक करून आत, सोडलं की टुक करून बाहेर. लोक म्हणतात पत्रा तापून वाकतो. खरं कारण बहुतेक वेळा वेगळं असतं. प्रत्येक कण म्हणजे एक बारकी हातोडी. वरचा थर ठोकला जाऊन पसरतो, खालचा आहे तेवढाच राहतो, म्हणून पत्रा माऱ्याच्या बाजूला फुगतो. ते झाकण आटवून सपाट करायला मला तीन रविवार लागले आणि तरी मी ते बदललंच. तेव्हा ब्लास्टिंग फक्त जाड आणि वेड्यावाकड्या भागांना. दारं, डिकी, मडगार्डची सपाट अंगं हातानेच. रंग उतरवायचं केमिकल वापरलं तर दुमडलेल्या कडांपासून लांब ठेवा, आत शिरलेलं धुतलं जात नाही आणि नव्या रंगाखालून वर्षभराने पाझरतं. त्या काळच्या बऱ्याच गाड्यांत जोडांवर शिसं भरलेलं असे. करडं, मऊ, नखाने ओरखडा उठणारं काही दिसलं तर ग्राइंडर बंद. त्याची धूळ नाकातोंडात जाता कामा नये.

आणि एका वेळी एकच भाग उघडा करा, त्याच दिवशी बंद करा. तुमच्या दाराला आता ८० नंबरचा पेपर परत लावावा लागेल, खाचांतला करडेपणाही दिसेनासा होईपर्यंत. गंज काढायचं ॲसिड लावू नका, नीट धुतलं गेलं नाही तर इपॉक्सी त्यावर धरत नाही. मग ग्रीस रिमूव्हर, दोन फडक्यांनी. एकाने ओलं पुसायचं, ते वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्याने उचलायचं. एकाच फडक्याने पुसत बसलात तर तेल इकडून तिकडे फिरवताय एवढंच. हातात मोजे. पंजा आठवा.

आता लांबी की प्रायमर. मी आधी इपॉक्सीचे दोन कोट मारतो, ते घासून खरखरीत करतो आणि मग लांबी. पाणी थेट पत्र्यापर्यंत पोचत नाही. लांबी थेट पत्र्यावर भरणारेही चुकत नाहीत, जुने लोक तसंच करत आले. फक्त एच (etch) प्रायमरवर लांबी भरू नका. त्यात ॲसिड असतं, लांबी नीट पिकत नाही आणि पुढे पापुद्रा सुटतो.

तुमच्या फिकट पिवळ्यासाठी एक खास सूचना. लांबीत हार्डनर जास्त घालायचा मोह होतो, लवकर सुकावी म्हणून. जादा हार्डनरचं पेरॉक्साइड वरच्या रंगात उतरतं आणि डाग पडतात. गडद रंगात ते लपून जातं, पिवळ्यात चहा सांडल्यासारखं दिसतं.

गनवाला

वीस वर्षं हेच करतोय. ठाकठोक यांनी पत्र्याचं सांगितलं, मी पुढचं सांगतो. थोडक्यात.

टू-के रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. वास येत नाही म्हणून कळत नाही. साधा कार्ट्रिजचा मास्क पुरत नाही, बाहेरून ताजी हवा देणारा लागतो, आणि कातडीही झाकायची. माझ्याबरोबर शिकलेला एक जण आता रंगाच्या खोलीच्या दारात उभा राहिला तरी धाप लागते. एकदा ती ॲलर्जी बसली की जात नाही. हट्ट ठेवा, पण याची सोय होत नसेल तर घासाई तुम्ही करा आणि शेवटचा रंग दुसऱ्याकडून मारून घ्या.

घासाई हाताच्या बोटांनी नाही. बोटांनी घासलं की चार खाचा पडतात, उन्हात मोजता येतात. लांब फळी घ्या, तिरकी चालवा, एकदा या कोनात, एकदा उलट्या. आधी काळ्या गाइड कोटचा पातळ फवारा. काळं राहिलं तिथे खड्डा, आधी पत्रा दिसला तिथे उंचवटा. उंचवटा दिसला की थांबा, हातोडी आणि डॉली (पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा) घ्या. घासत राहिलात तर आजूबाजूचं सगळं खाली जाईल.

लांबीला ८०, मग १५०. हाय-बिल्ड (जाड थर देणाऱ्या) प्रायमरला १८०, ३२०, शेवटी ४०० कोरडा किंवा ६०० ओला. साध्या रंगाला एवढं बास, मेटॅलिकला अजून बारीक लागतो. प्रायमरला गनचा नोझल १.७ किंवा १.८, रंगाला १.३ किंवा १.४. हात वीतभर अंतरावर, अर्धा पट्टा मागच्यावर चढवत. दोन कोटांत दहा-पंधरा मिनिटं, डब्यावर जास्त लिहिलं असेल तर जास्त. मनगट फिरवायचं नाही, आख्खा हात चालला पाहिजे.

सिलिकॉनचं पॉलिश त्या शेडमध्ये आणूच नका. माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडले की मग शोधत बसाल.

जुना_पाना

मी वेगळं मत मांडतो. १९६७ च्या गाडीला क्लिअर कोटची, म्हणजे वरच्या पारदर्शक थराची, काच कशाला? सिंगल स्टेज रंग मारा, रंग आणि चमक एकातच. तो मारून, ओल्या १५०० आणि २००० ने घासून पॉलिश केला की जी मऊ चमक येते ती त्या काळची वाटते. वर क्लिअर मारला की गाडी खेळण्यासारखी दिसते. कडांवर मात्र टेप चिकटवून घासा, कडेला रंग सगळ्यात पातळ असतो.

ठाकठोक

पाना यांच्याशी सहमत. पेल प्रिमरोज साधा रंग आहे, त्यात चमचम नाही, सिंगल स्टेज छान दिसेल.

एक सांगायचं राहिलं. घाई. माझ्या दुसऱ्या गाडीला मी एका संध्याकाळी हाय-बिल्डचे तीन जाड कोट दिले, दुसऱ्या दिवशी घासलं, तिसऱ्या दिवशी रंग. आरशासारखी गाडी. चार महिने उन्हात उभी राहिली आणि जिथे जिथे लांबी होती तिथे तिच्या कडा नकाशासारख्या वर आल्या. आत अडकलेला थिनर हळूहळू निघत होता आणि प्रायमर बसत होतं. प्रायमर मारल्यावर त्याला निदान काही दिवस उबेत सोडा.

घासाईच्या वेळी दारं, बॉनेट, डिकी गाडीवर बसवून घ्या. सुटं दार टेबलावर कितीही सरळ करा, गाडीला लावलं की मडगार्डशी त्याची रेघ जुळत नाही. एमजीबीला क्रोमची पट्टी पुढून मागपर्यंत जाते, ती तुमची सगळी चूक अधोरेखित करते.

अर्धवट एमजी

सगळ्यांचे आभार. बॉनेटची कड खरवडली. पांढुरकी चमक! चुंबक खिशात ठेवलं आणि स्वतःवर हसून घेतलं.

दार परत ८० ने घासलं. पंजा गेला, पण अंगठ्याच्या जागी करडा ठिपका रेंगाळत होता, तो खाचेत शिरला होता. त्यावर अर्धा तास गेला. आत्ता दारावर इपॉक्सी आहे, चिरेची वेल्डिंग झाल्यावर.

मग हिंमत करून मागच्या मडगार्डचा तो कोपरा उघडला. लांबी निघता निघेना, एके ठिकाणी अंगठ्याच्या पेराएवढी जाड. खाली बारीक जाळी आणि जाळीमागे वर्तमानपत्राचा बोळा, दगडासारखा घट्ट, एक अक्षर वाचता येत नाही. बोळा काढला तर त्या भोकातून थेट सिलच्या (दाराखालच्या पोकळ पेटीच्या) आतला भाग दिसला. म्हणजे दिसायला हवा होता. तिथे फक्त तपकिरी चुरा आहे.

ठाकठोक

मग रंगाचं नाव सध्या काढू नका. या गाडीला वेगळी चॅसी नाही, सगळा भार सिलवर, आणि तुमची तर छप्पर नसलेली. सिल कापायच्या आधी दाराच्या चौकटीत लोखंडी पाइप आडवे वेल्ड करून बॉडी बांधून घ्या. एका बाजूचं पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्या बाजूला हात नाही. नवी सिल टाके घालून धरा, दार लावा, फट वरून खालपर्यंत सारखी येते का बघा, मगच पूर्ण वेल्ड. फट चुकली तर ती नंतर लांबीने भरायची वेळ येते, आणि तुमच्या आधीच्या मालकाने नेमकं तेच केलंय.

आतल्या पोकळीत मारायचं मेण रंग झाल्यावर. आधी मारलंत तर ते पाझरून गनवाला यांचे माशाचे डोळे तुमच्या गाडीवर उघडतील.

अर्धवट एमजी

पाइप आणले. दार लावून फट मोजली, वर पाच मिलिमीटर, खाली दोन. म्हणजे बॉडी आधीच वाकलीय का?

ठाकठोक

वाकलीय. जॅक सिलखाली नको, पुढच्या आणि मागच्या भक्कम भागाखाली आधार द्या आणि जॅक अर्धा-अर्धा फेरा उचलत फट बघत राहा. खालची पाचला आली की थांबा आणि तेव्हाच पाइप टाका. फोटो टाका, मी रात्री बघतो.