पौलाने यहूदीपण पुसलं नाही

बायबलमधल्या गलतीकरांस पत्रात (३:२८) ख्रिस्ती प्रेषित पौल लिहितो, ख्रिस्तात ना यहूदी ना ग्रीक. यावरून 'पौलाने यहूदी ओळखच पुसून टाकली' असं म्हणतात, ते मला पटत नाही. करिंथकरांना तोच लिहितो, सुंता (यहूदी असण्याची खूण) झालेल्याने ती लपवू नये, न झालेल्याने करून घेऊ नये. रोमकरांना तर स्वतःचं कूळच सांगतो: मी इस्राएली, बन्यामिनाच्या वंशातला.

गलतीकरांस पत्रातली ती मूळ ग्रीक ओळ जरा जवळून बघा. 'ना यहूदी ना ग्रीक, ना दास ना स्वतंत्र', पण तिसऱ्या जोडीच्या मधे 'आणि' येतं: 'पुरुष आणि स्त्री'. भाषांतरात ही खूण सहज हरवते. हे शब्द यहूदी धर्मग्रंथातल्या 'उत्पत्ती' या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातले, म्हणजे भेद ओलांडायची भाषाही तो यहूदी ग्रंथातूनच घेतो! बायकांनी मात्र प्रार्थना करताना डोकं झाकावं, असंही तोच सांगतो. ते मला आजही खुपतं.