ठराव ‘रद्द’ करावा, ‘मागे घ्यावा’ की ‘निरसित’ करावा?

कोथरूडचा सचिव (प्रश्न)

नमस्कार. आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सर्वसाधारण सभेने गेल्या वर्षी पाहुण्यांच्या वाहनांवर शुल्क आकारण्याचा ठराव संमत केला होता आणि त्याच्या आधारे समितीने एक परिपत्रक काढले होते. आता बहुतेक सभासदांना ते शुल्क नको आहे. येत्या सभेच्या विषयपत्रिकेत मी ‘मागील ठराव रद्द करणे’ असा विषय लिहिला, तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी ‘निरसित करणे’ हाच योग्य शब्द असल्याचे सांगितले. अध्यक्षांना मात्र ‘मागे घेणे’ अधिक सौम्य वाटते. शब्द बदलला तर आजवर जमा झालेले शुल्क परत करावे लागेल, असेही काहींचे म्हणणे आहे. या शब्दांमध्ये खरोखरच भेद आहे का?

निवृत्त अनुवादक

भेद निश्चित आहे, परंतु आपल्या ज्येष्ठ सभासदांनी सुचविलेला शब्द येथे बसत नाही. ‘निरसन’ हा शब्द मराठी विधिभाषेत विधिमंडळाने किंवा संसदेने केलेला कायदा संपुष्टात आणण्यासाठी राखलेला आहे. महाराष्ट्राचे अधिनियम चाळल्यास अनेकांच्या शेवटी ‘निरसन व व्यावृत्ती’ अशी समासटीप असलेले कलम आढळते. त्यात जुना कायदा जातो आणि त्याखाली झालेल्या कोणत्या गोष्टी टिकतात, तेही सांगितलेले असते. सोसायटीच्या ठरावाला ‘निरसित’ म्हणणे म्हणजे वाड्याची दिंडी उघडण्यासाठी किल्ल्याची चावी मागविण्यासारखे आहे.

तीन कृषी कायद्यांच्या प्रकरणात यांतील बहुतेक शब्द एकामागोमाग येऊन गेले. २०२० च्या सप्टेंबरमध्ये झालेल्या या कायद्यांच्या अंमलबजावणीला १२ जानेवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘स्थगिती’ दिली, म्हणजे कायदे जिवंत राहिले आणि त्यांची अंमलबजावणी थांबली. १९ नोव्हेंबर २०२१ रोजी पंतप्रधानांनी ते ‘मागे घेत असल्याचे’ जाहीर केले. ही राजकीय घोषणा होती आणि त्या दिवशी एकही कायदा कायदेपुस्तकातून गेला नव्हता. २९ नोव्हेंबरला दोन्ही सभागृहांनी विधेयक संमत केले आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर ‘निरसन’ पूर्ण झाले. वृत्तपत्रांनी या सर्व टप्प्यांना सरसकट ‘रद्द’ म्हटले. मथळ्याला जागा कमी असते हे मान्य केले, तरी वाचकाची दिशाभूल होतेच.

शासन निर्णयांत आणखी एक शब्द आढळतो, तो म्हणजे ‘अधिक्रमित’. जुन्या निर्णयाच्या जागी नवा निर्णय येतो तेव्हा हा शब्द वापरतात. जागी काहीच येत नसेल, तर साधे ‘रद्द’ पुरेसे असते. पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेबाबतचे १६ एप्रिल आणि १७ जून २०२५ चे शासन निर्णय रद्द करण्याची घोषणा २९ जून २०२५ रोजी झाली, आणि पुढील धोरण ठरविण्याचे काम डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे देण्यात आले. पर्यायी धोरण तयार नसल्यामुळे तेथे ‘अधिक्रमित’ म्हणता आले नसते.

मुद्रितशोधक

वरील विवेचन मला मान्य आहे. फक्त ‘मागे घेणे’ हा शब्द निव्वळ राजकीय मानू नये. ज्याने दिले त्यानेच परत घेतले, असा त्याचा नेमका अर्थ आहे. उमेदवार आपला अर्ज मागे घेतो, निवडणूक अधिकारी मात्र तो छाननीत बाद करतो. या दोन क्रियापदांची अदलाबदल कोणताही मराठी माणूस करणार नाही. शिवाय मागे घेतलेली गोष्ट अवैध ठरतेच असे नाही. १९ मे २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने दोन हजार रुपयांच्या नोटा चलनातून मागे घेत असल्याचे जाहीर केले, पण त्यांची वैध चलन ही मान्यता कायम ठेवली. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे आणि हजारच्या नोटांची नेमकी तीच मान्यता काढून घेण्यात आली होती. दोन्ही वेळा लोक ‘नोटा बंद झाल्या’ असेच म्हणाले.

आणि ‘उठवणे’ हे आपले अस्सल क्रियापद विसरू नये. बंदी, स्थगिती, जप्ती, संचारबंदी, राष्ट्रपती राजवट या सर्व गोष्टी वरून येऊन बसतात, म्हणून त्या उठतात. परवाना मात्र उठत नाही, तो रद्दच होतो. ‘रद्द’ आणि ‘बातल’ हे दोन्ही शब्द अरबीतून आले. एक ‘परत फिरवणे’ सांगतो, दुसरा ‘निष्फळ, पोकळ’. आपण त्यांचा जोडशब्द करून ‘रद्दबातल’ म्हणू लागलो. तो कानाला भारदस्त वाटतो, पण त्यामुळे ‘रद्द’हून अधिक काही रद्द होत नाही.

दिवाणी वकील

आपल्या शुल्काच्या शंकेचे उत्तर क्रियापदापेक्षा ‘केव्हापासून’ या प्रश्नात अधिक आहे. रद्द करणे साधारणतः पुढील काळापुरते असते. कायद्याच्या निरसनाबाबत तर १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचे कलम ६ सांगते की, वेगळा हेतू दिसत नसेल तर आधी निर्माण झालेले हक्क आणि दायित्वे यांना बाधा येत नाही. याउलट ‘शून्य’ म्हणजे मुळातच अस्तित्व नसलेले. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम ११ खालचा विवाह न्यायालय मोडत नाही, तो शून्य असल्याचे फक्त घोषित करते; कलम १२ खालचा विवाह मात्र हुकूमनामा होईपर्यंत वैधच असतो. म्हणून विषयपत्रिकेत ‘शून्य’ किंवा ‘सुरुवातीपासून बेकायदेशीर’ असे शब्द चुकूनही घालू नका, कारण तेव्हाच परताव्याची मागणी खरोखर उभी राहील.

कोणीही रद्द न करता मुदत संपून किंवा अट अपुरी राहून जे संपते, त्याला ‘व्यपगत होणे’ म्हणतात. नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ खाली जमिनीवरील आरक्षण असेच व्यपगत होते. ‘आरक्षण रद्द झाले’ असे लिहून आलेले पक्षकार मला नेहमी भेटतात, आणि ते कोणत्या आदेशाने रद्द झाले हे विचारल्यावर गोंधळतात.

एक व्यावहारिक सूचना आहे. आदर्श उपविधींनुसार सर्वसाधारण सभेचा ठराव संमत झाल्यापासून सहा महिने लोटल्याशिवाय तो बदलण्याचा किंवा रद्द करण्याचा ठराव सभेपुढे आणता येत नाही. आपले वर्ष झाले आहे, त्यामुळे अडचण नाही. समितीला मात्र स्वतःचे परिपत्रक मागे घेता येईल, सभेचा ठराव नव्हे.

कोथरूडचा सचिव

सर्वांचे मनःपूर्वक आभार. विषयपत्रिकेत आता पुढील मजकूर घालत आहे: ‘पाहुण्यांच्या वाहनांवरील शुल्काबाबत गतवर्षीच्या सर्वसाधारण सभेत संमत झालेला ठराव या सभेच्या दिनांकापासून रद्द करणे, तत्पूर्वी जमा झालेले शुल्क संस्थेच्या निधीत कायम ठेवणे, आणि समितीने सदर ठरावाच्या आधारे काढलेले परिपत्रक समितीने मागे घ्यावे, असे निर्देश देणे.’ अध्यक्षांना ‘मागे घ्यावे’ मिळाले, मला ‘रद्द’ मिळाले. ज्येष्ठ सभासदांना ‘निरसन’ का मिळाले नाही, हे सभेत समजावून सांगावे लागेल.

निवृत्त अनुवादक

मजकूर उत्तम आहे. ‘सदर’ऐवजी ‘त्या’ केले तरी चालेल.