मदत हवी आहे: लेकीच्या कॉक्लिअर इम्प्लांटचा बाहेरचा प्रोसेसर बंद पडलाय

नमस्कार मंडळी. आम्ही बार्शीचे. लेक अकरा वर्षांची, तिला जन्मापासून दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. 2017 मध्ये केंद्राच्या एडिप योजनेतून (दिव्यांगांना साधनांसाठी मदत देणारी) उजव्या कानाचं इम्प्लांट झालं, म्हणजे ऑपरेशन करून आत ऐकण्याचं यंत्र बसवलं. तेव्हा यंत्राला 6 लाखांपर्यंत मदत मिळायची, म्हणून निभावलं.

दहा दिवसांपूर्वी कानामागचा प्रोसेसर, म्हणजे आवाज पकडून आत पाठवणारा भाग, गेला. आतलं यंत्र ठणठणीत आहे म्हणतात. पण बाहेरून डोक्याला चिकटणाऱ्या कॉइलमधून काही आलंच नाही, तर आतले इलेक्ट्रोड (करंट देणारी बारीक टोकं) ऐकण्याच्या नसेला काय सांगणार? 'तोवर कानाची साधी मशीन लावा' असं नातेवाईक सुचवतात. त्यांना समजावून थकले. साधी मशीन आवाज मोठा करते, हे यंत्र थेट नसेला करंट देतं.

कंपनी म्हणते, हे मॉडेल बंद झालं, दुरुस्ती नाही, नवीन घ्या. कोटेशन साडेतीन लाखांच्या वर. यांचा टेम्पो आहे, एवढी रक्कम कुठून काढणार?

ओळखीतून एक वापरलेला प्रोसेसर मिळतोय, आमच्याच कंपनीचा. दुसऱ्या कंपनीचा चालत नाही हे माहीत आहे (कुणाचे इलेक्ट्रोड 22, कुणाचे 12, सगळाच कारभार वेगळा). पण त्यात दुसऱ्या मुलाचं मॅपिंग, म्हणजे त्याच्यासाठी बसवलेलं सेटिंग, आहे. ते न पुसता लावलं तर आवाज अंगावर येईल. आमचे ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) बाहेरून आणलेल्या यंत्राला हात लावायला तयार नाहीत. असं कुणी करून घेतलंय का? कुठे? आणि आतलं इम्प्लांट 2017 चं असताना नवं मॉडेल त्याच्याशी जुळतं का, हे विकत घेण्याआधी कसं तपासायचं?

दुसरं, नगरपरिषदेच्या दिव्यांगांसाठी राखीव 5 टक्के निधीतून कुणाला प्रोसेसरसाठी पैसे मिळालेत का? यूडीआयडी कार्ड (दिव्यांग ओळखपत्र) आहे. अर्जाला कोणते कागद जोडले, तेवढं सांगा.

स्विच-ऑननंतर, म्हणजे यंत्र पहिल्यांदा चालू केल्यावर, घरात ती पहिल्यांदा वळून बघितली ती कुकरच्या शिट्टीला. मग शिट्ट्या मोजायचं काम तिचंच. काल पाच झाल्या, भात करपला, ती शेजारीच गृहपाठ करत होती.

ताजा कलम: कॉइलची वायर, बॅटरी दोन्ही बदलून पाहिलं, दिवासुद्धा लागत नाही. तरी रोज रात्री ती तो प्रोसेसर ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवते. मॉडेलचं नाव इथे लिहीत नाही, व्यनि (खाजगी निरोप) करा.