विषय: उत्तर: फळी कुणाकडे आहे? (राजेंद्रनगरचा पेशंट, तातडीचं)

पलंगाच्या पायथ्याला लावायची लाकडी फळी कपाटात नाही आणि नोंदवहीत कुणाची सहीही नाही. संध्याकाळपर्यंत राजेंद्रनगरला पोचवायची आहे, मेंदूला इजा झालेल्या पेशंटची पावलं खाली ताणली गेलीत. एअरबेड, पंप तयार.
– साहित्य विभाग

काका, फळी सापडली तरी पाठवू नका. पेशंटच्या व्हिडिओत डावा कोपर सरळ, हात आत पिळलेला, तळहात मागे, दोन्ही पाय ताठ. अशा पायाच्या चवड्याला काही टेकलं की तो उलट रेटा देतो आणि अख्खा पाय आणखी ताठरतो. घोटा काटकोनात धरणारं स्प्लिंट (कडक आधारपट्टी) द्या, टाच मोकळी हवी. दोन तासांनी काढून कातडी लाल झाली का ते बघायचं. उताणं निजवलं की ताठरपणा वाढतो, म्हणून कुशीवर घ्या, वरचा पाय गुडघ्यात वाकवून खाली उशी. मुठीत स्पंजचा बॉल नको, त्याने मूठ आवळते. टणक शंकू द्या, जाड टोक करंगळीकडे.
– फिजिओ ताई

ताई, स्प्लिंटचं नंतर बघू. डिस्चार्जच्या कागदावर एम-३ (बेशुद्धी मोजणाऱ्या कोमा स्केलवरचा हालचालीचा गुण) आहे, म्हणजे चिमटा घेतल्यावर कोपर वाकायला हवा. सरळ होत असेल तर तो एम-२. ही घसरण नवी असेल तर मेंदूवरचा दाब वाढलाय असंच धरायचं. ग्लुकोमीटरने साखर बघा, बाहुल्या सारख्या आहेत का बघा आणि थेट इमर्जन्सीत न्या.
– नर्सिंग गट

कोमा स्केलवर चांगल्या हाताचा गुण लिहितात. उजव्या हाताचं विचारलंत का?
– फिजिओ ताई

घरी फोन केला. उजवा हात वाकून छातीवर येतो, डावा आयसीयूपासूनच सरळ. उजवा वर आला की घरचे म्हणतात, ‘नमस्कार करतोय.’ कूस बदलताना घाम फुटतो, नाडी पळते.
– साहित्य विभाग

मग एम-३ बरोबर. पण तो नमस्कार नव्हे, कळ लागली की हात आपोआप वाकतो, हे त्यांना हळुवारपणे सांगायलाच हवं. नाहीतर तो बघायला दिवसभर चिमटे काढत बसतील. घामासाठी आधी लघवीची नळी पिळली का बघा, मग पोट साफ आहे का. डोकं ३० अंश वर, मान मधोमध. चिमटा किंवा दुसरी कळ नसताना लयीत झटके आले तर ती फीट समजा आणि डॉक्टरांना कळवा.
– नर्सिंग गट

स्प्लिंटची डावी-उजवी जोडी आहे. किल्ली माझ्याकडे, सही करूनच न्यावी.
– साहित्य विभाग