बी विंग (फक्त महत्त्वाचे मेसेज)

लेले काकू ७०१: सर्वांना नमस्कार. आज सकाळी लिफ्टमधे परत केसांचा पुंजका. आणि टेरेसवर वाळत घातलेल्या कुरडयांवर पण केस, फोटो टाकलाय, बघा. चिकाचा एवढा घाट घालायचा आणि शेवटी कुत्र्याचे केस खायचे का आम्ही. कोणाचं नाव घेत नाही.

नेने काका २०२: विंगमधे कुत्रं एकच आहे.

मृण्मयी ५०४: गुड मॉर्निंग काकू, लिफ्टमधले केस बुंदीचेच असणार, सॉरी, आत्ता झाडून घेते. उन्हाळा आला की ती आतली लव टाकते, दोनतीन आठवडे चालतं. रोज खाली नेऊन ब्रश करते तरी उरतातच.

नेने काका २०२: प्रश्न कुत्र्याचा नाही, लिफ्टचा आहे.

सुभाष ३०३: मग पूर्ण टक्कल करून टाका की, तिलाही गार वाटेल 😄

मृण्मयी ५०४: नाही हो काका, लॅबचं, म्हणजे लॅब्रॅडॉरचं, अंग असलेल्यांचा कोट दुहेरी असतो, मुळापासून भादरलं तर कातडीला ऊन लागतं आणि केस परत नीट येतीलच असं नाही.

पराग ६०२: लॅब कुठली, ८ हजार देऊन प्युअर लॅब म्हणून आणलीत आणि सहाव्या महिन्यात कान टाईट उभे, शेपटीची जिलबी. तेव्हाच म्हणलो होतो कागद मागा.

मृण्मयी ५०४: हो पराग दादा, दर दिवाळीला आठवण करून देता तुम्ही. अर्धी लॅब अर्धी गावठी, आम्हाला चालते. खादाडपणा लॅबचा, जिन्यात कोणाचं पाऊल वाजलं की कान टवकारणं गावठी. वजन वाढू द्यायचं नाही एवढं डॉक्टर सारखं बजावतात, लॅबच्या खुब्याचं दुखणं मिक्समधेही उतरू शकतं.

सुभाष ३०३: (फॉरवर्डेड अनेक वेळा) मिक्स जातीच्या कुत्र्यांवर सरकारची बंदी!! सर्व सोसायट्यांनी नोंद घ्यावी!!

ॲड. शिल्पा १०१: काका ते मार्च २०२४ चं केंद्राचं पत्र आहे, पिटबुल रॉटवायलर अशा २३ जाती आणि त्यांच्या मिक्सबद्दल. लॅब त्यात नव्हतीच, आणि कर्नाटक हायकोर्टाने एप्रिलमधे ते रद्दही केलं. लिफ्टचंही सांगून ठेवते, प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या गाइडलाइन्सप्रमाणे पाळीव कुत्र्याला लिफ्टबंदी करता येत नाही, मेजॉरिटीने ठराव केला तरी.

नेने काका २०२: बंदी कोण म्हणतंय. प्रश्न कुत्र्याचा नाही, लिफ्टचा आहे.

पराग ६०२: गाइडलाइन्समधे व्हिजिटर पार्किंगमधे कायमची गाडी लावण्याबद्दल काही आहे का मॅडम?

ॲड. शिल्पा १०१: ते एजीएमला बोलू. तिथे या म्हणजे झालं.

देशपांडे आजी ४०१: अगं मृण्मयी, काल चिन्मयने बुंदीला द्राक्षं दिली गं दोनतीन, नाशिकहून पेटी आलीये ना. गोड होती, चाटूनपुसून खाल्ली तिने.

मृण्मयी ५०४: आजी नका हो देऊ!! द्राक्षं, मनुके कुत्र्यांच्या किडनीवर जातात, किती खाल्ली की त्रास होईल याचा काही नेम नसतो. कांदा आणि चॉकलेट पण नको. नक्की किती वाजता दिली? डॉक्टरांना फोन लावते.

देशपांडे आजी ४०१: अगोबाई. चारच्या सुमारास. चिन्मय आता म्हणतोय दोनच दिली, एक खाली पडलेली वॉचमनने उचलली.

सुभाष ३०३: वॉचमनच्या किडनीचं काय 😂

नेने काका २०२: चेष्टा पुरे. गेल्या वर्षी माळ्याला ओरखडा आला होता ते सगळे विसरले वाटतं.

मृण्मयी ५०४: नाही विसरलो. त्याच मिनिटाला नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं हात धुतला, आणि रेबीजच्या लसीचे ०, ३, ७, १४, २८ व्या दिवसाचे पाचही डोस ह्यांनी स्वतः गाडीवर नेऊन दिले. बुंदीचं रेबीजचं इंजेक्शन दरवर्षी वेळेवर होतं, कार्ड ह्याच ग्रुपवर दोनदा टाकलंय.

नेने काका २०२: 👍 प्रश्न लिफ्टचा आहे.

सेक्रेटरी: कृपया इकडे लक्ष द्या, उद्या टाकी धुणार, ११ ते ४ पाणी नाही. मृण्मयी ताई, फिरवून आणल्यावर लिफ्टमधे एक नजर टाकत जा प्लीज.

मृण्मयी ५०४: हो दादा. दुपारी तसंही नेत नाही, डांबरावर आपला तळहात ठेववत नाही तिथे तिचे पंजे भाजतील. सकाळी सहाच्या आत आणि रात्री नऊनंतर. डॉक्टरांशी बोलले, तिला घेऊन या म्हणाले, निघतोय.

देशपांडे आजी ४०१: कळव गं. जीव खालीवर होतोय.

मृण्मयी ५०४: हो आजी. आणि काकू, आत्ता फोटो मोठा करून पाहिला. कुरडयांवरचे केस काळे कुळकुळीत आहेत आणि चांगले वीतभर लांब. बुंदी बिस्किट कलरची आहे.

सुभाष ३०३: 👀

पराग ६०२: 👀👀

मृण्मयी ५०४: आणि टेरेसवर आम्ही तिला नेतच नाही. किल्ली तुमच्याकडेच असते ना, त्या पाण्याच्या भांडणापासून.

लेले काकू ७०१: हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे

लेले काकू ७०१: कार्यक्रमाला जायचं म्हणून परवाच मेंदी-डाय केलं होतं, वर ऊन खात बसले होते थोडी. असो. द्राक्षांचं काय म्हणाले डॉक्टर ते कळव.

नेने काका २०२: लिफ्टचा प्रश्न तसाच आहे.