मदत हवी आहे: पिकअपचं ब्रेक पेडल धरून ठेवलं की खाली बसतंय

मंडळी, भाजीची पिकअप आहे, नारायणगाव ते वाशी मार्केट. सिग्नलला ब्रेक दाबून धरला की पेडल हळूहळू खाली जातं, दोनदा पंप केलं की परत वर. चारही चाकं उघडून बघितली, व्हील सिलिंडर कोरडे, पाईप पण कोरडे, तरी ब्रेक ऑईल थोडं थोडं कमी होतंय. मास्टर सिलिंडरचे (पेडल दाबलं की ऑईल चाकांकडे ढकलतो तो) नट सैल करून बूस्टरपासून (इंजिनच्या व्हॅक्यूमने ब्रेकला जोर देणारा डबा) जरा पुढे ओढला तर मागच्या तोंडाला चांगलीच ओल, म्हणजे मागचं सील गेलंय हे नक्की.

आता मेकॅनिक म्हणतोय बूस्टर पण बदला. पण इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा पेडल मारलं, मग दाबून धरून स्टार्टर मारला तर पेडल थोडं खाली जातं, मग बूस्टर ठीकच ना? की बूस्टरच्या आत गेलेल्या ऑईलने त्याचा डायफ्राम (रबरी पडदा) पुढे कधीतरी दगा देईल? घाट उतरायचा असतो राव, लोड भरून, म्हणून गाडी सध्या उभीच आहे.

मास्टर सिलिंडरला नुसतं सील-वॉशरचं किट टाकून भागेल का पूर्ण असेंब्लीच घेऊ? आत बोरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) चरे असतील तर नवीन रबरी वॉशर पण टिकणार नाहीत. आणि नवीन सिलिंडरची हवा आधी वाईसमध्ये धरून काढता की गाडीवरच?