एमआरआय नॉर्मल आला तरी...

विसराळू झालेल्या आईबद्दल इथे एकांनी म्हटलंय, "मेंदूचा एमआरआय नॉर्मल, म्हणजे आईला अल्झायमर (स्मृती हळूहळू जाण्याचा आजार) नाही." असं नसतं हो. सुरुवातीला स्कॅन वयोमानाप्रमाणेच दिसू शकतो. तो मुख्यतः गाठ, पक्षाघाताच्या खुणा, डोक्यात साचलेलं रक्त किंवा पाणी नाही ना, हे बघायला काढतात. रक्तातलं बी१२ जीवनसत्त्व आणि थायरॉईड तपासलंत का? नैराश्य, झोपेच्या गोळ्या, कमी ऐकू येणं यांनीही माणूस विसराळू वाटतो, आणि त्यावर इलाज असतो.

माझ्या मावशीला तपासणीत कागदावर घड्याळाचं चित्र काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला सांगितलं, तर तिने बाराही आकडे उजव्या अर्ध्यात कोंबले आणि काटे दहावर न् अकरावर लावले. तरी डॉक्टरांनी जास्त वेळ घालवला तो आम्हाला विचारण्यात: स्वयंपाक कसा करते, दुधाचा हिशेब जमतो का, कधीपासून बिघडलं. निदानाचा मोठा आधार ही हकीकतच.

एमएमएसई या स्मरण, हिशेब वगैरे तपासणाऱ्या ३० गुणांच्या चाचणीवर शिक्षणाचा बराच परिणाम होतो. चौथी शिकलेल्या आजींना १००मधून पुन्हा पुन्हा ७ वजा करता आले नाहीत, तर एवढ्यावरून घाबरू नये (मलाही फोनशिवाय जमत नाहीत!). उलट निवृत्त प्राध्यापक २८ गुण मिळवूनही घसरणीला लागलेले असू शकतात. सहा महिन्यांनी चाचणी पुन्हा करून घ्या.